१४ सेंटिमीटरच्या पुढे

माझा उजवा हात कोपराच्या टोकापासून १४ सेंटिमीटरवर संपतो. फिटरचा ट्रेड केलेला माणूस मापाशिवाय बोलत नाही, आणि हात गेल्यावर तर सगळं मापावरच ठरतं. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्याला एक तक्ता जोडलेला आहे. कोपराच्या टोकापासून सुमारे साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली हात तुटला तर कमाईची ताकद ६० टक्के गेली असं तो तक्ता धरतो. त्याच्या वर तुटला तर ७० टक्के. नुसता अंगठा गेला तर ३०. कृत्रिम हात बनवणारे प्रॉस्थेटिस्टही पहिल्या भेटीत टेपच काढतात. उरलेला हात लांब असेल तर तो उताणा-पालथा करण्याची हालचाल थोडीफार शिल्लक राहते, सॉकेटला धरायला जागा मिळते, वजन पेलतं. मला १४ सेंटिमीटर मिळाले.

जून २०१७ मध्ये भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात मी तिसऱ्या पाळीला ४० टनी पॉवर प्रेसवर होतो. गाडीच्या सीटखालचा ब्रॅकेट निघत होता. डायमध्ये पत्रा ठेवायचा, पायडल दाबायचं, नग काढायचा, पुढचा पत्रा ठेवायचा. त्या प्रेसला खरं तर दोन बटणं होती. दोन्ही हात दोन्ही बटणांवर असले तरच पंच खाली यावा, अशी ती रचना असते. तिच्यामुळे नग कमी निघतात म्हणून बटणं बंद करून पायडल जोडलं होतं. पहाटे साडेतीनला एक नग डायला चिकटला. तो सोडवायला मी हात घातला आणि पाय पायडलवर पडला. माझ्याआधी त्याच प्रेसवर दोघांची बोटं गेली होती, हे मला नंतर कळलं.

रुग्णालयात माझा जीव वाचला, जखम नीट शिवली गेली. तिथल्या डॉक्टरांचा मी ऋणी आहे. पण टाके काढल्यावर ‘तीन महिन्यांनी दाखवायला या’ एवढंच सांगून मला घरी पाठवलं. ते तीन महिने वाया गेले. त्या काळात काय करायचं असतं हे मला पाच वर्षांनी कळलं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

जखम भरत आली की उरलेल्या हाताला क्रेप बँडेज बांधायचं, तेही आठच्या आकड्यात, टोकाशी घट्ट आणि वर येत सैल. त्याने सूज उतरते आणि हाताला निमुळता आकार येतो. तसा आकार आला तरच पुढे सॉकेट नीट बसतं. मग टोकाची कातडी कणखर करायची. आधी मऊ फडकं फिरवायचं, नंतर खरखरीत टॉवेल, हलक्या टिचक्या, तांदळाच्या डब्यात हात घालून ढवळणं. कोपर आणि खांदा रोज पूर्ण फिरवायचा, नाही तर ते आखडतात. आणि उरलेल्या हाताला पहिल्या दिवसापासून शिकवायला लागायचं. मी यातलं काहीच केलं नाही. हात पोटाशी धरून खाटेवर बसून राहिलो. पहिल्या महिन्याभरात साधासा का होईना, कृत्रिम हात लावला तर माणूस तो पुढे वापरत राहण्याची शक्यता खूप वाढते, असं १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. या क्षेत्रातले लोक त्या महिन्याला सोन्याचा काळ म्हणतात. असं का होतं ते मी स्वतःवर पाहिलंय. शरीर वाट पाहत बसत नाही. ते काखेत बाटली धरायला शिकतं, दातांनी पिशवीची गाठ सोडवायला शिकतं, हनुवटीखाली कागद दाबायला शिकतं. एका हाताचा संसार एकदा बसला की दुसरा हात अडचण वाटायला लागतो.

त्याच महिन्यांत आणखी एक गोष्ट चालू होती. ती मी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती, वेड लागलं म्हणतील या भीतीने. माझा नसलेला हात दुखत होता. मूठ आवळलेली, अंगठा आत, नखं तळव्यात रुतलेली, आणि ती मूठ काही केल्या उघडत नव्हती. रात्री दोन-दोनला उठून बसायचो. याला ‘फँटम लिंब’ म्हणतात. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ मध्ये त्याला हे नाव दिलं. मेंदूत हाताचा नकाशा तसाच राहिलेला असतो. आज्ञा जाते आणि उलट निरोप येत नाही. मूळचे तमिळनाडूतले, कॅलिफोर्निया विद्यापीठातले डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात त्यावर आरशाचा उपाय पुढे आणला. दोन हातांच्या मधोमध आरसा उभा करायचा, उरलेला हात त्याच्या मागे लपवायचा आणि चांगल्या हाताचं प्रतिबिंब पाहत दोन्ही मुठी सावकाश उघडायच्या. आमच्या कॉलनीतल्या सुताराकडून मी दीड फुटी आरसा लाकडाच्या पाटीवर बसवून घेतला. सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती मूठ उघडली आणि मी रडलो. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण करून पाहायला खर्च आरशाचा फक्त. दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा. हे वेड नाही.

माझा पहिला कृत्रिम हात एका मोफत शिबिरात मिळाला. तो शोभेचा होता, गोऱ्या रंगाचा, बोटं न हलणारी. बाहीतून बाहेर काढून फोटोला उभं राहायचं, एवढंच त्याचं काम. मेहुण्याच्या लग्नात हळदीच्या दिवशी तो घातला आणि पिवळा डाग पडला. या हातांचे प्लास्टिकचे हातमोजे हळद आणि वर्तमानपत्राची शाई पिऊन टाकतात. पुन्हा कितीही घासा, जात नाही. तो हात कपाटात गेला.

दुसरा हात म्हणजे हुक. याच्याबद्दल मला आदर आहे. लाकूड कापण्याच्या गिरणीत स्वतःचा उजवा हात गमावलेल्या डी. डब्ल्यू. डोरन्स नावाच्या अमेरिकन माणसाने १९१२ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि शंभर वर्षांनंतरही त्यात फारसं बदलण्यासारखं कुणाला सापडलेलं नाही. दोन पोलादी बोटं, त्यांना मिटवून धरणारी रबरं, आणि दुसऱ्या खांद्याभोवतून आलेल्या पट्ट्याला जोडलेली, सायकलच्या ब्रेकला असते तशी केबल. हात पुढे केला की केबल ताणली जाते, हुक उघडतो. सैल सोडला की मिटतो. बॅटरी नाही, पावसाची भीती नाही, तेल-ग्रीस लागलं तर पुसून टाकायचं. आणि एक मोठी गोष्ट, त्याला स्पर्श आहे. केबलच्या ताणावरून खांद्याला कळतं की किती उघडलंय, काय धरलंय. हुक लावून मी पुन्हा कारखान्यात जायला लागलो, दुसऱ्या एका टूलरूममध्ये. पण रस्त्यात, बसमध्ये, मुलीच्या शाळेत पालकसभेला मी हुक पँटच्या खिशात घालून बसायचो. लहान मुलं घाबरायची.

मग भरपाईचे पैसे हातात आले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मी विजेवर चालणारा हात घेतला. भारतात बनलेला, परदेशी हातापेक्षा पुष्कळ स्वस्त, तरीही काही लाख गेले. विकणाऱ्या माणसाने एका दुपारी सॉकेट बसवून दिलं, चाळीस मिनिटं दाखवलं, हात उघडला-मिटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, व्हिडिओ काढला. घरी आल्यावर तो हात माझं ऐकेना. उघड म्हटलं की मिटायचा. चहाचा कप धरला आणि मध्येच सुटला, आईच्या पायावर चहा सांडला. दहाव्या दिवशी मी तो डब्यात घालून कपाटावर ठेवला, शोभेच्या हाताच्या शेजारी. सात महिने तो तिथेच होता. घरात कुणी त्याचं नाव काढत नव्हतं. पैसे गेले हे सगळ्यांना कळत होतं.

अपंगत्वाच्या दाखल्याच्या नूतनीकरणाच्या रांगेत माझ्या पुढे एक साठीचे गृहस्थ होते. विजेच्या हातात मोसंबं धरून डाव्या हाताने ते शांतपणे सोलत होते. मी विचारलं, काका, कुठल्या कंपनीचा? त्यांनी कंपनीचं नाव सांगितलंच नाही. म्हणाले, “कंपनीचं सोड. तुला शिकवलं कुणी?” मी म्हटलं, कुणी नाही. त्यांनी मला मुंबईतल्या एका ऑक्युपेशनल थेरपी विभागाचा पत्ता आणि तिथल्या मॅडमचं नाव दिलं. जुलै २०२२ पासून चार महिने, आठवड्यातून दोनदा, मी चिंचवडहून पहाटेची सिंहगड एक्स्प्रेस धरून तिथे गेलो. माझा हात मला तिथे मिळाला.

आता वाचकांनी एक करून पाहावं. डाव्या हाताने उजव्या हाताचा, कोपराच्या जरा खालचा भाग घट्ट धरा आणि उजवी मूठ उघडा-मिटा. मुठीत काही हलण्याआधी कोपराखाली हलतंय, हे कळेल. बोटं हलवणारे बहुतेक मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपराखालच्या मांसल भागात असतात आणि दोऱ्यांसारख्या लांब कंडरांनी बोटं ओढतात. माझे दोरे तुटले, पण ओढणारे जागेवर आहेत. मेंदू अजून त्यांना आज्ञा देतो आणि ते अजून आखडतात. स्नायू आखडताना कातडीवर विजेचा अगदी बारीक दाब उमटतो, साधारण व्होल्टच्या दहा हजाराव्या भागाएवढा. सॉकेटच्या आत धातूच्या बटणांसारखे इलेक्ट्रोड असतात. ते हा दाब टिपतात, मोठा करतात आणि मोटरला सांगतात. आतल्या बाजूचे स्नायू आखडले की हात मिटतो, बाहेरच्या बाजूचे आखडले की उघडतो. दोन्ही एकदम झटकन आखडले की पकडीचा प्रकार बदलतो. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत राइनहोल्ड रायटर यांनी याचा पहिला प्रयोग केला. १९६० च्या आसपास सोव्हिएत रशियात रुग्णांना वापरता येईल असा हात तयार झाला. २००७ मध्ये स्कॉटलंडच्या एका कंपनीने प्रत्येक बोटाला वेगळी मोटर असलेला हात बाजारात आणला. आज ज्याला बायोनिक हात म्हणतात त्याचं मूळ हे एवढंच आहे.

मॅडमनी पहिल्या दिवशी माझा हात डब्यातून काढलाच नाही. “दादा, हा राहू दे बाजूला,” म्हणाल्या. दोन इलेक्ट्रोड कातडीवर लावले आणि लॅपटॉप समोर ठेवला. पडद्यावर एक लाल रेघ, एक निळी. मिटायची लाल, उघडायची निळी. “मनगट आत वळवा.” मला मनगट नाही, पण मी वळवलं. लाल वर गेली आणि तिच्याबरोबर निळीही वर गेली. तेव्हा कळलं की घरी हात का ऐकत नव्हता. पाच वर्षं पडून असलेले स्नायू एकमेकांपासून वेगळे व्हायचं विसरले होते. मी एकाला हाक मारली की दोघं धावून यायचे. मशीनला कळणार तरी काय?

तीन आठवडे मी फक्त रेघा वेगळ्या केल्या. दोन्ही हात समोर धरायचे, डावं मनगट खरोखर वळवायचं आणि उजवं मनातल्या मनात. दहा मिनिटांत स्नायू थकून थरथरायचे. मग विश्रांती, परत दहा मिनिटं. घरी न्यायला लॅपटॉप नव्हता, म्हणून मी पीएमपीच्या बसमध्ये खिडकीशी बसून डाव्या हाताची बोटं उजव्याच्या स्नायूवर ठेवून सराव करायचो. शेजारच्याला वाटायचं हात दुखतोय. चौथ्या आठवड्यात लाल रेघ एकटी वर गेली, निळी जमिनीला चिकटून राहिली, आणि मॅडमनी पहिल्यांदा हात डब्यातून काढला.

त्यानंतर जोर मोजायला शिकलो. स्नायू हलका आखडला तर हात सावकाश मिटतो, जोरात आखडला तर झटकन आणि घट्ट. आधी लाकडी ठोकळे, मग बाटलीची बुचं, मग स्पंज. स्पंज दबला तर परत करायचं. मग पाण्याने अर्धा भरलेला पातळ प्लास्टिकचा ग्लास. असे ग्लास मी किती फोडले ते मोजलं नाही. शेवटची परीक्षा भाजलेल्या पापडाची. अख्खा पापड ताटातून उचलून दुसऱ्या ताटात ठेवायचा. विजेच्या हाताला स्पर्श नाही. पापड धरलाय की चुरलाय हे डोळ्यांनी पाहायचं आणि मोटरच्या आवाजावरून ओळखायचं. मोटरवर ताण आला की तिचा सूर बदलतो. लेथवर काम केलेल्याला हे लवकर कळतं, मला कळलं. मग हेच सगळं उभं राहून, वाकून, डोक्यावरच्या फळीवर, जमिनीवर. टेबलावर शहाण्यासारखा वागणारा हात डोक्यावर नेला की चुकतो, कारण तिथे सॉकेटचं वजन वेगळ्या बाजूला पडतं आणि स्नायू नको तेव्हा आखडतात. म्हणून प्रत्येक उंचीवर वेगळा सराव.

मॅडमचं एक वाक्य मी आता नवीन लोकांना सांगतो. “हा तुमचा उजवा हात नाही, दादा. हा डाव्याचा हेल्पर आहे.” आमच्या धंद्यात हे लगेच पटतं. हेल्पर जॉब धरतो, फिटर काम करतो. बोल्ट विजेच्या हातात, पाना डाव्यात. वही हेल्परने दाबायची, लिहायचं डाव्याने. मोबाइल त्याने धरायचा, बोट डाव्याचं. म्हणजे खरं शिक्षण दोन हातांचं असतं. कृत्रिम हाताला धरायला शिकवायचं आणि जन्मभर दुय्यम राहिलेल्या डाव्या हाताला कारागीर करायचं. डाव्या हाताने सही करायला मला अकरा आठवडे लागले. बँकेने नवी सही घेतली.

मॅडमनी मला तीन कामं विचारली होती, जी मला परत करायची आहेत. मी म्हटलं, व्हर्निअर वापरणं, दुचाकी आणि मुलीच्या वेण्या. बायको सकाळी सहाला पॅकिंगच्या कामावर जाते, त्यामुळे मुलीला शाळेत सोडायचं काम माझं. आणि अपघातानंतर तिचे केस कापून टाकले होते, कारण वेणी घालायला घरात हात नव्हते. व्हर्निअर महिन्यात जमलं. दुचाकीचं अजून नाही. समोरचा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्या मुठीत असतात, आणि गाडीत बदल करून, तशी नोंद आणि परवाना घेऊन चालवायला हवी. तोपर्यंत मी चालवणार नाही. वेण्यांसाठी मॅडमनी खुर्चीच्या पाठीला लोकरीचे तीन पदर बांधले. एक पदर विजेच्या चिमटीत, दोन डाव्याच्या बोटांत, फिरवायचे, ओढायचे, पदर बदलायचा. पकड सुटू नये म्हणून लोकर थोडी ओली करायची. मुलीचे केस वाढले तेव्हा मी तयार होतो. बायकोला चार मिनिटं लागतात, मला पंचवीस. रिबिनीसकट.

जेवणाबद्दल लिहिलं नाही तर हा लेख अपुरा राहील. परदेशातली पुस्तकं काटा-चमचा धरायला शिकवतात. आपल्याकडे उजवा हात गेलेल्या माणसाचा पहिला अपमान ताटावर होतो. डाव्या हाताने जेवायचं, डाव्या हाताने प्रसाद घ्यायचा, हे आमच्या घरात कुणी केलं नव्हतं. पहिल्या वर्षापासून आई मला भरवायची आणि मी चौतीस वर्षांचा माणूस मान खाली घालून जेवायचो. शेवटी मॅडमनी आईला बोलावून घेतलं आणि सांगितलं, “आजी, आता त्यांचा डावा हाच उजवा.” त्या रात्रीपासून मी माझ्या हाताने जेवतो. विजेच्या हाताने वाटी धरतो, भाकरी दाबून धरतो. आणि नमस्कार. हात उघडा ठेवला की बोटं सरळ राहतात, डावा तळवा त्याला जुळवता येतो. आषाढीला आमच्या गावी, बार्शीकडे, मी कैक वर्षांनी दोन्ही हात जोडले.

या हाताला काय येत नाही, हेही सांगतो. पाणी चालत नाही. भांडी घासायची, गाडी धुवायची, पावसात काम असेल तर मी हुकच लावतो. एप्रिल-मेमध्ये सॉकेटमध्ये घाम साठतो, इलेक्ट्रोड सरकतात आणि हात आपला आपण उघडतो. सॉकेटसकट वजन सव्वा किलोच्या आसपास आहे. खऱ्या हातालाही वजन होतं, पण तो हाडाला जोडलेला होता. हा कातडीला लटकतो, म्हणून जड लागतो. रात्री चार्ज करावा लागतो. बिघडला तर दुरुस्तीला पाठवून आठवडे वाट पाहावी लागते. म्हणून माझ्याकडे दोन हात आहेत आणि दोन्ही रोज वापरात आहेत. नवीन घेणाऱ्यांना मी सांगतो, विजेचा हात घ्याच, पण हुक विकू नका.

कृत्रिम हात बसवलेले लोक तो टाकून देतात, हे जगभर आहे. पंचवीस वर्षांच्या अभ्यासांचा एक आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोठ्या माणसांपैकी सरासरी २६ टक्क्यांनी केबलचा हात आणि २३ टक्क्यांनी विजेचा हात सोडून दिल्याचं दिसलं. लहान मुलांत हे प्रमाण ४५ आणि ३५ टक्के होतं. इतका महागडा हात, तरी सोडणाऱ्यांचा आकडा फारसा कमी नाही. माझं मत असं की आपण पैसे वस्तूवर खर्च करतो आणि शिकवणुकीवर करत नाही. शिबिरात हातांची संख्या मोजली जाते. सहा महिन्यांनी त्यातले किती हात माणसांवर आहेत आणि किती कपाटांवर, ते कुणी मोजत नाही.

शिकवणारी माणसं आपल्याकडे आहेत, आणि त्यांची परंपरा महाराष्ट्रातूनच सुरू झाली. अमेरिकेत जन्मलेल्या, लग्नानंतर निंबकरांच्या घरात आलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. फलटणचे शेतीसंशोधक बी. व्ही. निंबकर हे त्यांचे चिरंजीव. माणसाला त्याचं रोजचं काम परत करता यावं, यासाठीच हा उपचार आहे. माझ्या मॅडम त्याच वाटेवरच्या.

पुढचं संशोधन वर्तमानपत्रांत येतं तेव्हा लोक मला कात्रणं आणून देतात. खांद्यापासून हात गेलेल्यांसाठी शिकागोत डॉ. टॉड कुइकेन आणि डॉ. ग्रेगरी डुमानियन यांनी हाताच्या मज्जातंतूंची टोकं छातीच्या स्नायूंना जोडून दिली. २००१ मध्ये विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावलेल्या टेनेसीतल्या एका वायरमनवर हा प्रयोग झाला, आणि हात मिटायचा विचार केला की छातीचा स्नायू आखडून यंत्राचा हात मिटू लागला. स्वीडनमध्ये १९९० पासून टायटॅनियमचा खिळा थेट हाडात बसवून त्यावर कृत्रिम अवयव जोडतात. सॉकेट नाही, घाम नाही, पण कातडीतून बाहेर आलेल्या खिळ्याभोवती जंतुसंसर्गाची काळजी जन्मभर. आपल्या देशात जानेवारी २०१५ मध्ये कोचीला पहिलं हाताचं प्रत्यारोपण झालं, ऑगस्ट २०२० मध्ये मुंबईतही झालं. त्यात स्पर्श परत येऊ शकतो, बदल्यात प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कायमच्या. मी डॉक्टर नाही, यातलं कुठलं कुणासाठी ते मी सांगू शकत नाही. एवढं मात्र नक्की, की या प्रत्येक उपायानंतर महिनोन्‌महिने तोच सराव करावा लागतो, जो मी लाल आणि निळ्या रेघांनी केला.

आता मी शनिवारी त्याच विभागात जातो, नवीन आलेल्यांशेजारी बसायला. मळणी यंत्रात हात गेलेला मराठवाड्यातला एकोणीस वर्षांचा मुलगा, कडबा कुट्टीत हात गेलेली बाई, लोकलखाली हात गेलेला कॉलेजचा पोरगा. ते माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघतात. मी पापड उचलून दाखवतो.

तुमच्या घरात, गावात, कारखान्यात कुणाचा हात गेला तर टाके निघायची वाट न पाहता डॉक्टरांना विचारा, ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे कधी पाठवता? मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. पुण्यात १९४४ पासून लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत हा विभाग असतो. कामगाराचा ईएसआय विमा असेल तर कृत्रिम हात त्यातून मिळतो. नसेल तर केंद्राची एडिप योजना आहे. कोपराखालचा हात गेलेल्यांसाठी रोटरीच्या शिबिरांत एलएन-४ नावाचा साधा यांत्रिक हात मोफत मिळतो, सुरुवातीला तोही चांगला. हात कुणाकडूनही घ्या, पैसे देण्याआधी किंवा फोटोला उभं राहण्याआधी एक प्रश्न विचारा: हा वापरायला शिकवणार कोण, आणि किती दिवस? त्याचं उत्तर मिळालं नाही तर तो हात घेऊ नका.